केरबा साळिंदराची टाळी

एका जंगलात, मुलांनो, रग्बीचं फार वेड होतं.

वाघ कुठे गेला, असं मध्येच विचारू नका. वाघ होता. पण तो राज्यकारभारात असे, त्यामुळे कुणाला कधी दिसत नसे.

रग्बी म्हणजे काय, तेवढं आधी सांगतो. तिचा चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो छातीशी धरून पुढे पळायचं. मात्र हातातून सोडायचा झाला, तर मागच्या गड्याकडेच फेकायचा. समोरच्यांची रेघ ओलांडून तो जमिनीला टेकवला, की ट्राय झाला म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. मधूनमधून दोन्हीकडचे आठ-आठ गडी माना खाली घालून एकमेकांत घुसतात आणि रेटारेटी करतात. स्वतः पुढे पळायचं आणि काम मागच्याकडे ढकलायचं, ही पद्धत जंगलातल्या कचेऱ्यांत पूर्वीपासून होतीच. म्हणून हा खेळ तिथे लवकर रुजला.

जंगलाचा संघ गव्यांचा होता. खंडू नावाचा गवा त्याचा कप्तान. आणि या संघाच्या पाठीशी उभं राहायला एक मंडळही होतं. गवा समर्थक मंडळ. रंगराव तरस त्याचे अध्यक्ष. रंगरावांना खेळातलं फारसं कळत नसे. पण त्यांचा आवाज मोठा होता आणि हसू त्याहून मोठं होतं. अध्यक्षाला तेवढं पुरतं.

खेळातलं खरं कळणारा प्राणी एकच होता. केरबा साळिंदर. त्याने जन्मभर बिळं खणून दिली होती. कोल्ह्याचं बीळ असो की सशाचं, माती पाहून तो सांगे, इथे खण, इथे खणू नको. आता दात हलायला लागले होते, म्हणून तो घरी असे. चाळीस वर्षांत त्याने गव्यांचा एकही सामना चुकवला नव्हता. पंचाने शिट्टी का वाजवली, हे सगळ्या मैदानात त्याला एकट्याला समजे. पण त्याला कुणी विचारत नसे. विचारायला जवळ बसावं लागतं, आणि त्याच्या अंगावर हातभर लांब काटे. म्हणून त्याला अगदी टोकाची जागा मिळे आणि त्याच्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या राहत.

साळिंदराला टाळ्या वाजवता येत नाहीत. चांगला खेळ दिसला की केरबा उभा राही आणि अंगावरचे काटे खुळखुळ वाजवी. कुणी का खेळेना, चांगलं दिसलं की तो वाजवी. तो इतका लांब बसे, की तो कुणासाठी वाजवतो आहे हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका वर्षी मंडळाने जाहीर केलं, की गव्यांचा सामना समुद्रापलीकडच्या धुक्याच्या बेटावर, केसाळ बैलांच्या संघाशी होणार आहे आणि मंडळाचे दहा सभासद तिथे जाणार आहेत. केरबाने त्याच दिवशी नाव दिलं.

त्याची बायको हौसाबाई बिळाच्या तोंडाशी कंद सोलत बसली होती.

"एवढ्या लांब जायचं," ती म्हणाली, "आणि बघायचं काय? बैलांची ढकलाढकली. ती इथे पाणवठ्यावर रोज असते."

"त्या बेटावर हा खेळ फार जुना आहे," केरबा म्हणाला. "तिथलं गवत मऊ असतं म्हणे. गडी पडला तरी उठून हसतो. डोळे आहेत तोवर एकदा बघून येतो."

हौसाबाईने सोललेला कंद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "जा. पण कुणाला टोचू नका. परका मुलूख आहे."

परदेशी जायचं तर परवाना लागतो. परवान्याच्या खिडकीत एक बगळा बसला होता.

"कशाला जाताय?" बगळ्याने विचारलं.

"सामना बघायला."

"बघून परत याल हे कशावरून?"

"माझं बीळ इथे आहे."

"बिळाचा दाखला?"

केरबाने बिळातली मूठभर माती नेली होती. बगळ्याने ती हुंगली आणि म्हणाला, "ही तर साधी माती आहे. हिच्यावर शिक्का कुठे आहे?"

शिक्का मिळायला सतरा दिवस लागले. केरबा रोज त्या खिडकीशी गेला. सतराव्या दिवशी बगळ्याने मातीवर पाय ठेवला. तोच शिक्का.

निघायच्या सकाळी रंगरावांनी सगळ्यांना एका मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली उभं केलं आणि शपथ दिली. "तिथे काहीही होवो, चांगलं आपलेच खेळले." नऊ सभासद म्हणाले, "आपलेच खेळले." दहावा, म्हणजे केरबा, वाकून गाठोडं बांधत होता. त्याचे ओठ हलले की नाही, हे कुणी पाहिलं नाही.

सभासद झोळ्यांत बसले, करकोच्यांनी झोळ्या उचलल्या आणि मंडळ तीन दिवसांत बेटावर उतरलं.

आता मुलांनो, परदेशी गेल्यावर काय करायचं असतं? तुम्ही म्हणाल, नवी झाडं बघायची, नवं पाणी प्यायचं. मंडळींनी तसं काही केलं नाही. सगळे एकाच गुहेत उतरले, घरून आणलेलंच खाल्लं आणि इथे हवा किती वाईट आहे यावर बोलत बसले. मंडळासोबत एक पोपट आला होता. त्याने पाहिलेलं दुसऱ्या पोपटाला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत बातमी जंगलात पोहोचे. त्यामुळे सभासद धबधब्यापाशी गेले, की धबधब्याकडे पाठ करून उभे राहत आणि पोपटाला म्हणत, "सांग, मी धबधब्यापुढे उभा आहे." पोपट सांगे. तिकडे जंगलात शेजारी ऐकत आणि जळत. धबधबा मात्र कुणी पाहिला नाही.

केरबाने पाहिला. पण पोपटाला सांगायचं त्याला सुचलं नाही.

सामन्याच्या दिवशी एक अडचण निघाली. मंडळाला वाटत होतं, की सगळ्यांना एका गठ्ठ्याने बसता येईल. पण त्या बेटावर रग्बीला पाहुणे वेगळे आणि घरचे वेगळे असं बसवत नसत. चिठ्ठीवर आकडा असेल तिथे बसायचं. रंगरावांनी पुष्कळ वाद घातला. दारावरच्या बदकाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यामुळे वाद लवकर संपला.

केरबा आपली जागा शोधत गेला. शेजारी एक म्हातारा मेंढा बसला होता. केरबाने सवयीने काटे अंगाशी घट्ट मिटले आणि दोन जागा सोडून बसायला लागला. मेंढ्याने त्याची चिठ्ठी पाहिली, मान हलवली आणि शेजारची जागा थोपटली. केरबाने आपले काटे दाखवले. मेंढ्याने आपली लोकर दाखवली. ती वीतभर जाड होती. चार पावसाळे कुणी कातरली नसावी.

केरबा बसला. एक काटा लोकरीत शिरला. मेंढ्याला कळलंसुद्धा नाही.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच केरबा कुणाच्या खांद्याला खांदा लावून सामना बघत होता. पहिली काही मिनिटं त्याला खेळ नीट दिसला नाही. धुक्यामुळे असेल.

मेंढ्याने छातीवर खूर ठेवून नाव सांगितलं, "डुगल." केरबानेही सांगितलं. डुगलला ते 'किरबू' असं म्हणता आलं. तेवढं पुरलं. बाकीचं रग्बीत बोलता येत होतं. गव्यांनी रेटारेटीत मान चुकीच्या बाजूने घातली, तेव्हा दोघांनी एकाच वेळी चकचक केलं. पंचाची शिट्टी वाजायच्या आधी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग शिट्टी वाजली.

सामना चांगला रंगला. खंडू गव्याने दोन बैल अंगावर घेऊन ट्राय केला. डुगल उठून उभा राहिला आणि पुढच्या खुरांनी लाकडी फळीवर ठोके देत राहिला. केरबाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. खंडू तर डुगलच्या संघाचा शत्रू. डुगलच्या चेहऱ्यावर मात्र काही विशेष केल्याचा भाव नव्हता.

शेवटची दोन मिनिटं राहिली, तेव्हा गवे तीन गुणांनी पुढे होते. बैलांच्या संघात एक बुटका बकरा होता. इतका वेळ तो कडेला गवत खात असल्यासारखा उभा होता. चेंडू त्याच्याकडे आला तो स्वतःच्याच रेघेपाशी. समोर पूर्ण मैदान आणि पंधरा गवे. बकरा निघाला. पहिल्या गव्याच्या पोटाखालून गेला. दुसऱ्याला डावीकडे जातो असं दाखवलं आणि उजवीकडून गेला. तिसरा आणि चौथा एकमेकांवर आपटले. शेवटी खंडू आडवा आला. बकरा थांबला नाही. त्याने खंडूच्या बरगडीत डोकं घातलं, दोघं कोलमडले, आणि पडता पडता बकऱ्याने चेंडू रेघेपलीकडे टेकवला.

मैदान क्षणभर गप्प झालं. एवढं सुंदर काही पाहिलं, की आवाज फुटायला वेळ लागतो.

त्या शांततेत पहिला आवाज आला तो खुळखुळ असा. केरबा उभा होता. त्याचे सगळे काटे ताठ झाले होते आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत वाजत होते.

मग सगळं मैदान गरजलं. पण तोवर पलीकडच्या रांगेतल्या रंगरावांनी मान वळवली होती. त्यांच्या डोक्यावर पोपट बसला होता. त्यानेही वळवली होती.

सामना संपल्यावर खंडू लंगडत बकऱ्यापाशी गेला. त्याने बकऱ्याला उचलून पाठीवर घेतलं आणि मैदानाला एक फेरी मारली. दोन्ही संघ एकाच ओढ्यावर पाणी प्यायला गेले. कुणाचं शिंग मोडलं होतं, कुणाचा कान फाटला होता. सगळे हसत होते. समर्थक मंडळ मात्र गुहेत परतलं आणि कुणी जेवलं नाही. खेळणाऱ्यांना लागलं होतं आणि बघणारे कण्हत होते.

डुगलने केरबाला घरी नेलं. डुगलच्या बायकोने उकडलेले सलगम पुढे ठेवले. दोघा म्हाताऱ्यांनी ते खाल्ले नाहीत. आधी जमिनीवर मांडले. पंधरा सलगम गव्यांचे, पंधरा बैलांचे. मग बकरा कुठून कसा गेला, ते डुगलने दाखवलं. केरबाने मान हलवली आणि सहावा सलगम दोन बोटं मागे सरकवला. इथे गव्यांची चूक झाली. डुगलने तो सलगम पुष्कळ वेळ न्याहाळला, मग केरबाच्या पाठीवर खूर ठेवला. काट्यांची पर्वा न करता ठेवला. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. डुगलच्या बायकोला वाटलं, सलगम तिखट झाले.

केरबा जंगलात परत आला तेव्हा त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. बिळाशी पोहोचला, तर तोंडावर बाभळीचे काटे आणून टाकलेले. हौसाबाई आत होती.

"कोण आहे?" तिने आतून विचारलं.

"मी."

"एकटेच ना?"

काटे बाजूला करून तो आत गेला. हौसाबाई बारीक झाली होती.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "पाणवठ्यावर गेले की सगळे उठून जातात. सशीण म्हणाली, तुमचे मालक तिकडच्यांना मिळालेत. मी म्हटलं, त्यांना इथलेच कुणी मिळत नाहीत, तिकडचे कुठून मिळणार?"

"मी टाळी वाजवली," केरबा म्हणाला.

"कुणाला?"

"एका बकऱ्याला."

हौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "चांगला खेळला का?"

"असा खेळ मी कधी पाहिला नाही, हौसा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली सभा भरली. सगळं जंगल आलं होतं. पोपट तर फांदीवर आधीपासून बसून "खुळखुळ, खुळखुळ" असा आवाज काढून दाखवत होता.

रंगराव उभे राहिले. "केरबा, तुम्ही शत्रूच्या ट्रायला वाजवलंत, हे खरं?"

"खरं आहे."

"का वाजवलंत?"

"तो चांगला खेळला म्हणून."

"चांगलं कोण खेळलं, हे आपण निघायच्या आधीच ठरवलं होतं," रंगराव म्हणाले. "तुम्ही तिथे जाऊन ते पुन्हा ठरवायला बसलात. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

केरबा म्हणाला, "अध्यक्ष, मी तिथे बघायला गेलो होतो."

"बघायला सगळेच गेले होते. पण बघितलं कुणी का?"

सभा म्हणाली, "नाही, नाही."

कुणीतरी सुचवलं, की खंडूला विचारा. खंडू आला. त्याच्या बरगड्यांना पाला बांधला होता.

"तो बकरा फार मोठा खेळाडू आहे," खंडू म्हणाला. "त्याने माझ्या दोन बरगड्या मोडल्या. पुढच्या वर्षी तो इकडे आला की माझ्याकडेच उतरणार आहे. केरबाकाकांनी वाजवलं ते बरं केलं. मलाही वाजवायचं होतं, पण मी त्याच्या खाली होतो."

सभेने खंडूच्या मोठ्या मनाचा जयजयकार केला. मग रंगरावांनी हात वर केला.

"कप्तान खेळाडू आहेत," ते म्हणाले. "त्यांनी शत्रूला मिठी मारली तर ती खिलाडूवृत्ती. ती त्यांच्यापाशी असते, म्हणून आपल्यापाशी नसली तरी चालते. आपल्यापाशी निष्ठा असायला हवी. केरबाला यापुढे मैदानात पाऊल ठेवता येणार नाही."

खंडू काहीतरी म्हणत होता. पण त्याच्या बरगड्या दुखत होत्या आणि सभेचा आवाज मोठा होता.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी केरबा मैदानाच्या कुंपणाबाहेर एका करवंदीच्या जाळीपाशी बसू लागला. आतलं काही दिसत नसे. पण चाळीस वर्षांचा कान होता. खुरांच्या आवाजावरून त्याला कळे, की चेंडू कुठल्या बाजूला आहे, रेटारेटी कोण जिंकलं, पळतोय तो हलका आहे की जड. घरी आल्यावर तो हौसाबाईला सगळा सामना सांगे. आत बसलेल्यांना तो एवढा कळलेला नसे.

पुढच्या वर्षी केसाळ बैलांचा संघ जंगलात खेळायला आला. त्यांच्यासोबत त्यांचे काही चाहतेही आले. रंगरावांनी जागोजागी कमानी उभारल्या. पाहुण्यांच्या वाटेवर फुलं पसरली.

सामना सुरू झाला. मध्यंतराच्या थोडं आधी खंडूने एक अप्रतिम ट्राय केला. गवे आणि त्यांचे समर्थक ओरडलेच. पण पाहुण्यांच्या रांगेतला एक म्हातारा मेंढाही उठून उभा राहिला आणि खुरांनी फळीवर जोरजोरात ठोके देऊ लागला.

सगळ्यांनी ते पाहिलं. रंगरावांनी डोळे पुसले.

मध्यंतरात त्यांनी मेंढ्याला मैदानाच्या मधोमध बोलावलं. शाल पांघरली, हातात नारळ दिला. पाहुण्यांची भाषा येणारी एक साळुंकी दुभाषी म्हणून शेजारी होती. रंगराव म्हणाले, "शत्रूच्या चांगल्या खेळाला दाद द्यायला केवढं मोठं मन लागतं. आमच्या पिल्लांनी या थोर प्राण्याकडून हे शिकावं." सगळं मैदान उभं राहून वाजवत होतं. पोपटाने ते वाक्य लगेच पाठ केलं.

साळुंकीने मेंढ्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मेंढा म्हणाला, "किरबू कुठे आहे?"

साळुंकीने रंगरावांकडे पाहिलं. रंगराव हसले. ते छान हसत. "त्यांची तब्येत बरी नाही म्हणावं," ते म्हणाले.

मेंढ्याने नारळ खाली ठेवला. आजारी मित्राला भेटायचं तर सामना संपायची वाट बघत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. तो फाटकातून बाहेर पडला. साळुंकी त्याच्या मागे गेली. दोघं बिळाकडे निघाले आणि वाटेत करवंदीच्या जाळीपाशी त्यांना केरबा दिसला. शेजारी हौसाबाई होती. पाहुणे कुठले आले आहेत हे कळल्यापासून नवऱ्याला जेवण गेलं नव्हतं, म्हणून ती भाकरी घेऊन तिथेच आली होती.

डुगल केरबाच्या खांद्याला खांदा लावून बसला. शाल त्याने हौसाबाईच्या पाठीवर घातली. तिला लगेच वीस भोकं पडली. हौसाबाई म्हणाली, "पाव्हणं, भाकरी घ्या," आणि साळुंकीने ते सांगायच्या आत डुगलने घेतली.

आत दुसरा डाव सुरू झाला. केरबा कान देऊन ऐकत होता आणि भाकरीच्या तुकड्यांनी डुगलला जमिनीवर दाखवत होता. चेंडू इथे. आता इथे. मग खुरांचा एक हलका, भरभर आवाज आला. डावीकडे, मग उजवीकडे, मग सरळ. आतलं मैदान एकदम गप्प झालं.

डुगलला काय झालं ते कळलं. तो उठून उभा राहिला आणि कुंपणाच्या लाकडावर ठोके देऊ लागला.

"त्या बकऱ्याने केला का?" हौसाबाईने विचारलं.

"हो," केरबा म्हणाला.

"चांगला होता?"

केरबाने मान वर करून जाळीवर, मग शेजारच्या झाडावर पाहिलं. फांद्यांत पोपट बसलेला दिसत नव्हता. त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

"इथून काय कळणार," तो म्हणाला आणि काटे अंगाशी मिटून घेतले.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्यांच्या गुणांचं मोकळ्या मनाने कौतुक करावं. त्याने मान मिळतो, शाल मिळते, नारळ मिळतो. मात्र त्याआधी आपण परदेशी आहोत, याची खात्री करून घ्यावी.